‘पाणी आलं का?’ एवढ्याशा मेसेजमध्ये बरं वाटण्यासारखं काय असतं

सोलापुरात पाणी रोज येत नाही. उजनी धरणाचं पाणी गल्लीत एकदा येऊन गेलं की पुन्हा यायला मधे काही दिवस जातात, आणि ज्या दिवशी यायचं त्या दिवशीही पहाटे येईल की रात्री, हे सांगता येत नाही. म्हणून गल्लोगल्लीच्या, नगरानगरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न ठरलेला असतो: ‘पाणी आलं का?’

मग उत्तरं सुरू होतात. ‘आमच्याकडं सुटलंय की.’ ‘धार लई बारीक हाय.’ ‘मोटारी बंद करा बे, पुढं पाणी सरकंना.’ कुणी नळाखालच्या घागरीचा पाच सेकंदांचा व्हिडिओ टाकतं. त्यात धार दिसते आणि मागं कुकरची शिट्टी ऐकू येते. एक काकू काही न लिहिता अंगठा दाखवतात. कोपऱ्यावरच्या घरात अण्णा राहतात. त्यांच्या अंगणात बोअर आहे, नळाच्या पाण्याची त्यांना फारशी फिकीर नाही. तरी तेही न चुकता विचारतात, ‘आलं का सगळ्यांना?’

अण्णांना माहिती नको असते. मग ते विचारतात कशाला? आणि त्यांनी विचारलं की बाकीच्यांना बरं का वाटतं? ऑनलाइन जगण्यात जो काही लहानसहान आनंद आहे त्याची बरीचशी उकल या प्रश्नात आहे. समाजशास्त्रात आणि मानसशास्त्रात यावर भरपूर काम झालंय, आणि गंमत म्हणजे त्यातलं काही महत्त्वाचं काम मोबाईल यायच्या कितीतरी आधीचं आहे.

ब्रॉनिस्लाव्ह मालिनोव्हस्की हे मानववंशशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅसिफिक महासागरातल्या ट्रोब्रियांड बेटांवर राहून तिथल्या लोकांचा अभ्यास करत होते. माणसं एकमेकांशी जे बोलतात त्यातल्या बऱ्याचशा बोलण्यातून कुणालाच नवं काही कळत नाही, हे त्यांनी टिपलं. हवा कशी आहे, कुठं निघालात, सगळं ठीक ना. १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात त्यांनी मांडलं की असलं बोलणं माहिती देण्यासाठी नसतंच. दोन माणसं एकमेकांच्या सोबत आहेत, त्यांच्यात अबोला नाही, एवढं सांगण्यासाठी ते असतं. विषय काहीही चालतो.

सोलापूरकराला हे वेगळं समजावायची गरज नाही. आपल्याकडं मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी एकाच चौकात ऐकू येतात, आणि भेटल्यावर जेवणाची चौकशी कुठल्याही भाषेत होते. दुपारी चार वाजता ‘जेवलात का?’ असं विचारणारा काही ताट वाढून देणार नसतो. आपणही काय काय जेवलो याचा हिशेब देत नाही. ‘हो, झालं की. तुमचं?’ म्हणतो आणि दोघं आपापल्या वाटेला लागतो. अण्णांचा प्रश्न याच जातीचा. पाणी हे निमित्त.

आता सकाळच्या गुलाबाच्या फुलांकडं येऊ, कारण हा विषय टाळून पुढं जाणं लबाडी होईल. २०१८ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’नं बातमी दिली होती की भारतातल्या माणसांचे फोन सारखे भरून जातात आणि त्यामागचं एक कारण ‘शुभ सकाळ’ची चित्रं आहेत, हे गूगलच्या लोकांना आढळलं. त्यावर बरेच विनोद झाले. मलाही ती फुलं फारशी सोसत नाहीत. पण मालिनोव्हस्कींच्या नजरेनं पाहिलं तर एकट्या राहणाऱ्या मावशीचं सहा वाजता येणारं फूल म्हणजे ‘मी उठले, तब्येत बरी आहे’ एवढा निरोप असतो. ते फूल एके दिवशी आलं नाही की आपण फोन करतो. म्हणजे निरोप पोचत होता. अडचण फुलाची नाही. तेच फूल तिनं आणखी शंभर जणांना पाठवलेलं असतं, त्यामुळं ते नक्की आपल्यासाठी होतं का, हे कळत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं त्याचं बरंच काम आहे.

दुसरी गोष्ट ओळखीच्या माणसांची. जिवाभावाच्या नव्हे, नुसत्या ओळखीच्या. १९७३ मध्ये मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाचा एक लेख प्रसिद्ध झाला. बोस्टनजवळच्या न्यूटन या गावात ज्यांना ओळखीतून नोकरी लागली होती अशा लोकांना त्यांनी विचारलं, की ज्यानं ही खबर दिली तो तुम्हाला कितीदा भेटायचा? आपण म्हणू, जवळचा मित्र असणार, चुलत भाऊ असणार. पण ‘नेहमी भेटायचा’ असं सांगणारे थोडेच निघाले. बहुतेकांना खबर मिळाली होती ती अधूनमधून किंवा क्वचित दिसणाऱ्या माणसाकडून. विचार केला तर कारण सोपं आहे. आपल्या जवळच्यांना जे ठाऊक असतं ते आपल्यालाही ठाऊक असतं, कारण सगळे एकाच गोतावळ्यात वावरतो. लांबचा माणूस दुसऱ्या गोतावळ्यातून येतो आणि तिथली बातमी घेऊन येतो. ग्रॅनोव्हेटर यांनी या ओळखींना कच्चे धागे म्हटलं आणि त्या कच्चेपणातच त्यांची ताकद आहे, असं दाखवलं.

नोकरीपुरतं हे पटतं. पण आनंदाचं काय? २०१४ मध्ये गिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात त्यांनी हे काम केलं. त्यातल्या एका भागात लोकांना बोटानं दाबायचे दोन काउंटर दिले होते. जवळच्या माणसाशी बोलणं झालं की एक दाबायचा, नुसत्या ओळखीच्या माणसाशी झालं की दुसरा. ज्या दिवशी ओळखीच्या माणसांशी जास्त वेळा बोलणं झालं, त्या दिवशी लोकांना जास्त बरं वाटल्याचं दिसलं. आपण आजूबाजूच्या लोकांशी जोडलेलो आहोत, ही भावनाही वाढलेली होती.

आता हे सोलापुरावर लावून बघा. लक्ष्मी मंडईतली मेथीची जुडी निवडून देणारी मावशी. कंबर तलावावर सकाळी उलट्या दिशेनं चालत येणारे आणि रोज हात वर करणारे गृहस्थ. नवी पेठेतला, ‘ह्या खेपेला उशिरा आलात’ म्हणणारा दुकानदार. यांतल्या कित्येकांचं पूर्ण नाव आपल्याला माहीत नसतं. त्यांच्यावाचून आपलं काही अडत नाही. पण हेच लोक दिवसभरात आपल्याला ‘तू इथला आहेस’ असं सांगत असतात.

आणि इथंच मला वाटतं स्थलांतराची एक बाजू आपण नीट बघत नाही. सोलापूरची पोरं शिकायला आणि नोकरीला पुण्याला जातात, मुंबईला, हैदराबादला जातात. गावातल्या कित्येक घरांत आता आईवडीलच उरलेत. पोरगा गेला म्हणजे घर तुटतं, असं आपण म्हणतो. पण घर तर रोज रात्री व्हिडिओ कॉलवर भेटतं. ‘जेवलास का, थंडी आहे का, शेंगा चटणी संपली का’ हे सगळं होतं. जे तुटतं ते दुसरंच. पार्क चौपाटीवरचा भेळवाला कुणाला व्हिडिओ कॉल करत नाही. शाळेत मागच्या बाकावर बसणारा, ज्याच्याशी खास दोस्ती कधीच नव्हती असा पोरगा फोन करत नाही. पक्के धागे फोनमधून बरोबर येतात, कच्चे मागं राहतात. आठशे रुपये भाडं वाढलं म्हणून खोली बदलणाऱ्या पोराला पुण्यात जे एकटं एकटं वाटतं, त्यात या कच्च्या धाग्यांचा वाटा मोठा असतो, आणि त्याला स्वतःलाही ते सांगता येत नाही. आईशी तर रोज बोलतो, मग मला काय झालंय, असं त्याला वाटतं.

ऑनलाइन जगाची सगळ्यात मोठी देणगी, माझ्या मते, हीच की हे कच्चे धागे ते तगवून धरतं. दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर कुणीतरी शाळेच्या जुन्या पायरीचा फोटो टाकतं. मागच्या बाकावरचा पोरगा खाली लिहितो, ‘इथंच तू पडलता बे.’ त्याला आठवत होतं! एवढ्या वाक्यात त्या पोराचा दिवस उजळतो, आणि त्या दोघांचं पुढं वर्षभर बोलणं झालं नाही तरी काही बिघडत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. धागे टिकतात म्हणजे मित्र वाढतात असं नाही. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांचा दीडशेचा आकडा पुष्कळांनी ऐकलेला असतो: माणसाला साधारण १५० जणांशी खरी ओळख ठेवता येते, असा त्यांचा अंदाज. २०१६ मध्ये त्यांनी फेसबुक वापरणाऱ्या लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. मित्रांची यादी कितीही असो, अडचणीत खरोखर धाव घेता येईल अशी माणसं सरासरी चारच्या आसपास निघाली. फोन हाती आल्यानं ती चाराची चाळीस झालेली नाहीत. ज्यांची ती चारसुद्धा नाहीत त्यांचं दुखणं वेगळं आहे, आणि ते लहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगानं २०२५ मध्ये दिलेल्या अहवालाप्रमाणं जगात दर सहा माणसांमागं एकाला एकटेपणा जाणवतो.

आता गड्ड्याकडं वळतो, कारण त्यात एक वेगळीच गोष्ट दिसते. संक्रांतीच्या सुमारास सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धेश्वरांची यात्रा भरते, तिलाच आपण गड्डा म्हणतो. सात नंदीध्वज निघतात, पहिल्या दिवशी ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्याजवळ अक्षता सोहळा. पांढरी बाराबंदी घातलेल्या लोकांचा नुसता समुद्र. हे सगळं आता यूट्यूबवर लाइव्ह दिसतं. चित्र बघण्यासारखं असतंच, पण मी सांगतो, एकदा चित्र सोडून बाजूला सरकणाऱ्या कॉमेंटकडं बघा. ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र!’ खाली पुन्हा तेच. पुन्हा तेच. कुणी पुण्याहून, कुणी बंगळूरहून, कुणी दुबईहून. कुणी लिहितं, ‘ऑफिसमधी हाय, हेडफोन लावून बघलालो.’ कुणी कुणाला ओळखत नाही. कुणी कुणाला उत्तरही देत नाही. सगळे एकच वाक्य लिहितात आणि नेमक्या त्याच क्षणी तिकडं सिद्धेश्वर तलावाकाठी हजारो लोकही तेच म्हणत असतात.

एमिल दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं १९१२ मध्ये धर्मावर लिहिताना म्हटलं होतं की माणसं एका जागी जमून एकच कृती एकदम करू लागली की त्यांच्यात एक उसळी येते, ती एकट्या माणसात येत नाही. जागा एक असावी, असं दुर्खीम यांना वाटलं. त्यांच्या काळात ते बरोबरच होतं. लाइव्ह प्रक्षेपणानं दाखवून दिलं की जागा वेगळी असली तरी वेळ एक असेल तर त्या उसळीचा थोडा तरी भाग पोचतो. तोच व्हिडिओ रात्री जेवून झाल्यावर लावा. चित्र तेच, आवाज तोच, आणि तरी काहीतरी गेलेलं असतं. ‘आत्ता, या क्षणी माझ्यासारखे आणखीही बघतायत’ हे गेलेलं असतं. भारताची मॅच दुसऱ्या दिवशी बघून पाहा, लगेच कळेल.

इथवर वाचून वाटेल की फोन म्हणजे आनंदाची खाणच. तसं असतं तर रात्री तासभर बोट फिरवून झाल्यावर आपल्याला रिकामं का वाटलं असतं?

याचं एक उत्तर मेंदूत आहे. वुल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञानं १९८० आणि ९० च्या दशकांत माकडांवर प्रयोग केले. माकडाला फळाच्या रसाचा थेंब मिळायचा आणि त्याच्या मेंदूतल्या डोपामिन सोडणाऱ्या पेशींची हालचाल टिपली जायची. अचानक रस मिळाला की त्या पेशी जोरात चेतायच्या. पण रसाच्या आधी दरवेळी एक खूण मिळू लागली, तेव्हा पेशी खुणेला चेतायला लागल्या आणि रस मिळाल्यावर गप्प राहायला लागल्या. खूण होऊन रस आला नाही, तर त्यांची हालचाल नेहमीपेक्षाही खाली जायची. म्हणजे डोपामिनला ‘आनंदाचं रसायन’ म्हणतात ते काही खरं नाही. अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं की कमी, याची ती खबर असते. आणि अपेक्षाच ठरवता येत नसेल, कधी मिळेल कधी नाही अशी स्थिती असेल, तर खूण दिसली की मन दर वेळी धावतं. फोन टिंग करतो. काय असेल? काढून बघतो. कर्जाची जाहिरात. पुन्हा टिंग. पुन्हा बघतो, कारण मागच्या खेपेला बहिणीच्या बाळाचा फोटो होता.

टिंग एकच आहे. बाळाच्या फोटोलाही तीच, जाहिरातीलाही तीच. आपल्याला उद्देशून कुणीतरी पाठवलेली गोष्ट आणि कुणालाच उद्देशून नसलेली गोष्ट एकाच आवाजात, एकाच चौकोनात येतात. नुसतं बघत बसणं आणि कुणाशी तरी देवाणघेवाण करणं यांत फरक आहे का, यावरही अभ्यास झाले. फिलिप व्हर्डाइन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवलं की फेसबुकवर नुसतं इतरांचं बघत राहिल्यानं लोकांची मनःस्थिती उतरते. नंतरच्या अभ्यासांत निकाल इतके सरळ आले नाहीत. कुणाला त्रास होतो, कुणाला होत नाही. मला स्वतःला ‘बघणं वाईट, लिहिणं चांगलं’ ही विभागणी थोडी भाबडी वाटते. गड्ड्याचं लाइव्ह बघणारा नुसता बघतच असतो की. माझ्या दृष्टीनं प्रश्न एवढाच आहे की समोर आलेल्या गोष्टीच्या दुसऱ्या टोकाला आपल्याला ओळखणारं, किंवा निदान आपल्याबरोबर असलेलं, कुणी आहे का.

हा प्रश्न नुसत्या बरं वाटण्यापुरता नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा इथं मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच जणांना ठार मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं होती ती, आणि त्यांतले बहुतेक आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले. मुलं पळवणाऱ्यांच्या अफवा त्या काळात फोनवरून फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढं पाठवता येईल अशी मर्यादा घातली. अफवेवर माणसं विश्वास का ठेवतात? कारण ती अनोळखी माणसाकडून येत नाही. ती भावजीकडून येते, ग्रुपमधल्या सरांकडून येते. मजकूर कुणी लिहिला ते कुणालाच माहीत नसतं, पण पाठवणाऱ्यावरचा आपला भरवसा त्या मजकुराला चिकटतो. ज्या नात्यामुळं ‘पाणी आलं का’ वाचून बरं वाटतं, त्याच नात्याच्या पाठीवर बसून हे जहर येतं. फॉरवर्ड केलेल्या मजकुराच्या वर बारीक अक्षरांत तसं लिहिलेलं असतं, ते बघायची सवय लावण्यात शहाणपण आहे. तो मजकूर भावजींचा नाही.

आता जरा हाताळण्यासारखं काही. कुणी आनंदाची बातमी टाकली की आपण काय करतो? समजा गल्लीच्या ग्रुपवर एका ताईंनी लिहिलं: ‘आमच्या धाकटीचा नर्सिंगला नंबर लागला.’ या ताई घरी विड्या वळतात, हे सगळ्यांना माहीत आहे. तासाभरात ग्रुपवर अभिनंदनाचा पूर येतो. हात जोडलेले, फुलांचा गुच्छ, ‘हार्दिक अभिनंदन’ असं सोनेरी अक्षरांत लिहिलेलं स्टिकर. एकानं टाकलेलं दुसऱ्यानं उचललेलं. एक जण लिहितो, ‘छान, पण खर्च लई असतोय त्याला.’ दुसरे लिहितात, ‘आमचा पण बीएस्सीला हाय.’ आणि मग अक्का विचारतात, ‘कुठलं कॉलेज गं? होस्टेल मिळालं का? पैल्या दिवशी ड्रेस घालून फोटो टाक तिचा.’ ताई स्टिकरना ‘धन्यवाद’ म्हणून मोकळ्या होतात. अक्कांना मात्र त्या सात-आठ ओळींचं उत्तर लिहितात. कॉलेज, बसचा नंबर, फी कशी जमवली, पोरगी कशी रडली, सगळं.

शेली गेबल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी नेमकं यावर काम केलंय. चांगली बातमी सांगितल्यावर समोरचा माणूस साधारण चार तऱ्हांनी वागतो: खुलून विचारपूस करतो, थंडपणे ‘बरं झालं’ म्हणतो, त्यात खोट काढतो, किंवा विषय स्वतःकडं वळवतो. वर चारही आलेत, पुन्हा वाचून बघा. नात्याला बळ देते ती यांतली पहिलीच तऱ्हा. जोडप्यांवरच्या २००६ मधल्या अभ्यासात तर असं दिसलं की जोडीदार वाईट बातमीला कसा सामोरा जातो, यापेक्षा चांगल्या बातमीला काय म्हणतो यावरून नात्याची तब्येत जास्त कळते. दुःखात धावून जाण्याचं आपल्याला बाळकडू मिळालेलं असतं. सुखात प्रश्न विचारायचे असतात, हे मात्र कुणी शिकवत नाही. एक प्रश्न पुरतो. स्टिकरपेक्षा त्याला वेळही फार लागत नाही.

लिहिण्याची मात्र एक खोड आहे. अक्षरांना आवाज नसतो. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवलं की ईमेलवर आपण थट्टा करतोय की खरं बोलतोय हे समोरच्याला सहज कळेल, असं लिहिणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात वाचणाऱ्याचा अंदाज नाणं उडवून सांगितल्यापेक्षा फारसा बरा नव्हता. लिहिताना आपला आवाज आपल्या डोक्यात चालू असतो, तो समोर जात नाही. सोलापूरकरानं पुण्याच्या नव्या ऑफिसग्रुपवर प्रेमानं ‘काय करलालास बे?’ लिहावं आणि पलीकडं दोन दिवस शांतता पसरावी, ही गोष्ट त्यामुळंच घडते. या अडचणीवर १९ सप्टेंबर १९८२ रोजी स्कॉट फालमन या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संगणकतज्ज्ञानं तोडगा सुचवला: थट्टेच्या वाक्यापुढं विसर्गासारखे दोन टिंब, एक आडवी रेघ आणि कंस टाकायचा, म्हणजे आडवा हसरा चेहरा दिसतो. आजच्या पिवळ्या चेहऱ्यांचे हे पूर्वज. तेव्हा वाक्याच्या शेवटी हसरं तोंड टाकणाऱ्या काकांना हसू नका, त्यांना खरी अडचण कळलेली आहे.

पण चेहऱ्यांनाही मर्यादा आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात लेस्ली सेल्ट्झर आणि सहकाऱ्यांनी लहान मुलींना लोकांसमोर बोलायला आणि गणितं करायला लावून आधी ताण दिला. नंतर काही जणींना आई प्रत्यक्ष भेटली, काही जणींशी ती फोनवर बोलली, काही जणींशी फक्त टाइप करून बोलली, आणि काही जणींशी तिचा संपर्कच झाला नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, आईचा आवाज ऐकलेल्या मुलींचं ताणाचं संप्रेरक खाली आलं आणि मायेशी जोडलेलं ऑक्सिटोसिन वाढलं. फोनवरच्या आवाजानंही ते झालं. टाइप करून बोललेल्या मुली मात्र, आई मिळालीच नाही अशा मुलींसारख्याच निघाल्या. शब्द आईचेच होते.

म्हणून मला व्हॉइस मेसेजचं फार कौतुक वाटतं. २०१३ मध्ये व्हॉट्सॲपवर ती सोय आली, आणि आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात तिचा जितका उपयोग झाला तितका कदाचित ती बनवणाऱ्यांच्याही ध्यानात आला नसेल. विड्या वळणाऱ्या बाईचे दोन्ही हात गुंतलेले असतात. मांडीवर सूप, त्यात तेंदूची कापलेली पानं आणि तंबाखू. तिला टाइप करायला सवड नाही. शिवाय घरी तेलुगू बोलून मराठी शाळेत शिकलेल्या कित्येकांना तेलुगू लिहिता येत नाही, आणि बहिणीशी मराठीत लिहिणं परकं वाटतं. बटण दाबून धरलं की हे दोन्ही प्रश्न सुटतात. तिकडून बहिणीचा निरोप येतो, त्यात मागं तिच्या घरातला टीव्ही, नातवाचं रडणं, मधेच ‘थांब गं’ म्हणून कुणाला तरी ओरडणं. काम न थांबवता ऐकता येतं, पुन्हा ऐकता येतं. समोरासमोर भेटण्याची सर त्याला नाही, पण टाइप केलेल्या ‘बरी आहे’पेक्षा कितीतरी जास्त काही त्यातून पोचतं.

निळ्या खुणांबद्दल थोडक्यात. नोव्हेंबर २०१४ पासून समोरच्यानं मेसेज वाचला हे कळायला लागलं आणि न आलेल्या उत्तराला अर्थ चिकटला. पूर्वी पत्राला उत्तर आलं नाही तर पोस्टमनचाही दोष असायचा. माझा अनुभव असा की वाचून उत्तर न देणाऱ्यांतले बरेच जण दुधाची पिशवी हातात घेऊन उभे असतात. खुणा सेटिंगमधून बंद करता येतात. ज्यांना त्याचा जाच होतो त्यांनी खुशाल कराव्यात.

राहता राहिला एक अडथळा, आणि तो आपल्याच मनातला आहे. फोनमध्ये कितीतरी नावं असतात ज्यांच्याशी बोलून वर्षं झाली. मेसेज करावासा वाटतो, आणि लगेच वाटतं, इतक्या दिवसांनी कसा करू? त्याला वाटेल काहीतरी काम असेल. पैसे मागायचे असतील. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या पेगी लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हीच शंका तपासली. सहज आठवण आली म्हणून कुणाला निरोप किंवा छोटीशी वस्तू पाठवणाऱ्यांना विचारलं, समोरच्याला याचं किती अप्रूप वाटेल? मग ज्यांना ते मिळालं त्यांनाही विचारलं. पाठवणाऱ्यांचा अंदाज कमी निघाला. मिळणाऱ्यांना त्यांच्या समजुतीपेक्षा जास्त आनंद झाला होता. ज्यांच्याशी संबंध फार जवळचे राहिले नव्हते, तिथं तर हा फरक आणखी मोठा होता. कारण मिळणाऱ्याचं लक्ष अनपेक्षितपणावर असतं आणि पाठवणारा तिकडं बघतच नाही. तो आपलं वाक्य बरोबर झालं का यातच अडकलेला असतो. शुल्ट्झ यांच्या माकडाला जे कळलं होतं तेच हे, फक्त इथं रसाच्या जागी माणूस आहे.

त्यामुळं असा निरोप लिहिताना दोन गोष्टी पाळल्या तर बरं. एक, ‘कसा आहेस? विसरलास का?’ असं लिहू नका. त्यात तक्रार येते आणि उत्तराचं ओझं येतं. त्याच माणसाला लागू पडेल असं काहीतरी लिहा. ‘आज हुतात्मा एक्सप्रेसला बसलो. कुर्डुवाडीला तू भजी आणायला उतरला होतास आणि गाडी हलली होती, ते आठवलं. उत्तराची घाई नाही.’ एवढं पुष्कळ झालं. आणि दुसरी, वाढदिवसाची किंवा दिवाळीची वाट बघू नका. त्या दिवशी तुमचा निरोप शंभर फुलांच्या आणि दिव्यांच्या खाली दबतो. गड्डा संपून गेल्यावर, फेब्रुवारीतल्या एखाद्या रिकाम्या मंगळवारी दुपारी पाठवा.